वजन पुन्हा घेता येत नाही: जँगोमधल्या खरेदीच्या फॉर्मबद्दल

तुमचा प्रश्न मला नीट कळला आहे की नाही हे तुम्हालाही दिसावं, म्हणून आधी तो माझ्या शब्दांत मांडतो. चोपडा तालुक्यात कापसाची खेडा खरेदी करणाऱ्या एका व्यापाऱ्यासाठी तुम्ही जँगोमध्ये (पायथन भाषेत वेबसाइट बनवायच्या साच्यात) नोंदवही तयार करताय. खरेदीवरचा माणूस गावात उभा राहून मोबाइलवर शेतकऱ्याचं नाव, गाव, दर, ओलावा आणि एकामागून एक वजनं टाकतो. तक्रारी तीन आहेत. एका रकान्यात चूक निघाली की टाकलेलं सगळं पुसलं जातं. रेंज कमी असली की एकच खरेदी दोनदा पडते. आणि ‘ओळ वाढवा’ बटणानं जोडलेली वजनं जतनच होत नाहीत, कुठं लाल अक्षरही दिसत नाही. शेवटी तुम्ही विचारलंय की जँगोचे फॉर्म सोडून सगळं जावास्क्रिप्टच्या एखाद्या लायब्ररीत करावं का.

माझं उत्तर: आत्ता तरी नको. पहिल्या आणि तिसऱ्या तक्रारीचं कारण तुमच्या व्ह्यूमध्ये (विनंती हाताळणाऱ्या सर्व्हरवरच्या कोडमध्ये) आणि टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) आहे, ते काही ओळींत सुटेल. दुसरी तक्रार सर्व्हरवर सोडवायची आहे, त्यामुळे पुढचा भाग कशातही लिहिलात तरी ती तशीच राहणार.

पण या तिन्हींच्या मागे एकच मूळ आहे आणि मी त्यावरच जास्त बोलणार आहे. कार्यालयातल्या फॉर्ममध्ये माहिती गेली तर माणूस वैतागतो आणि कागद बघून पुन्हा भरतो. खेडा खरेदीत तसं होत नाही. गाठोडं काट्यावरून उतरलं, गाडीत रिचवलं, आधीच्या कापसात मिसळलं. ते वजन आता जगात फक्त त्या मोबाइलच्या पडद्यावर आहे. खरेदीवरचा माणूस ‘भाऊ, टाकेल समदं गयं’ असं म्हणतो तेव्हा गेलेलं असतं ते शेतकऱ्याचं माप. त्यामुळे असा फॉर्म लिहिताना मी पहिला नियम हा धरतो: माणसानं टाकलेलं काहीही, बरोबर असो की चूक, त्यानं स्वतः पुसल्याशिवाय पुसलं जाता कामा नये. पुढचं सगळं यातून निघतं.

आता पहिली तक्रार. तुम्ही दिलेल्या व्ह्यूमध्ये विनंती पोस्ट असेल, म्हणजे फॉर्म भरून पाठवलेला असेल, तर फॉर्ममध्ये डेटा भरता, इज व्हॅलिड (सगळं बरोबर आहे का) विचारता, बरोबर असेल तर जतन करून पुढे पाठवता. इथपर्यंत ठीक. पण त्यानंतर रिकामा फॉर्म बनवणारी ओळ एल्समध्ये नाही, ती इफच्या बाहेर मोकळी पडली आहे. म्हणजे तपासणी नापास झाली की डेटा भरलेला आणि चुका चिकटलेला फॉर्म टाकून दिला जातो आणि माणसाच्या हाती कोरा फॉर्म येतो. ती ओळ फक्त गेट विनंतीच्या, म्हणजे पान नुसतं उघडण्याच्या, वाटेवर ठेवा. नापास झालेला फॉर्म जसाच्या तसा टेम्प्लेटकडे जाऊ द्या. त्याच्या पोटात माणसानं टाईप केलेलं मूळ अक्षरन् अक्षर असतं, अगदी आकड्याच्या जागी ‘साडेतीन’ लिहिलं असेल तरी.

त्यानंही अर्धंच काम होईल, कारण टेम्प्लेटमध्ये तुम्ही इनपुटचे टॅग हातानं लिहिलेत आणि त्यांना व्हॅल्यू दिलेलीच नाही. दिसायला छान यावं म्हणून बरेच जण असं करतात. त्यापेक्षा रकाना जँगोलाच काढू द्या आणि क्लास, प्लेसहोल्डर वगैरे विजेटच्या (रकाना काढणाऱ्या भागाच्या) अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये द्या. हातानंच लिहायचं असेल तर प्रत्येक रकान्याची व्हॅल्यू आणि प्रत्येक रकान्याच्या चुका दोन्ही छापा, आणि वर नॉन फील्ड एरर्सही (कुठल्याच एका रकान्याच्या नसलेल्या चुका) छापा. ते न छापल्यामुळे ‘बटण दाबलं तर काहीच होत नाही’ अशी तक्रार येते, आणि शोधायला अख्खी दुपार जाते.

फोटोचा मात्र वेगळा विचार करा. काटा पावतीचा फोटो त्याच फॉर्ममध्ये घेताय. फॉर्म चुकांसह परत आला की ब्राउझर फाइलचा रकाना पुन्हा भरू देत नाही, सुरक्षेसाठी तशी सोयच नाही. म्हणून मी फोटो आधी स्वतंत्रपणे चढवून घेतो आणि मुख्य फॉर्ममध्ये त्याचा फक्त क्रमांक ठेवतो. किंवा खरेदी जतन झाल्यावर पावतीच्या पानावर फोटो मागतो. व्यापाऱ्याला फोटो सक्तीचा हवा आहे की नाही, त्यावर काय निवडायचं ते ठरेल.

तिसरी तक्रार आधी घेतो, कारण ती गुप्तपणे नुकसान करते. जँगोचा फॉर्मसेट, म्हणजे एकाच प्रकारच्या अनेक ओळींचा फॉर्म, आपल्यासोबत काही लपलेले रकाने पाठवतो, त्याला मॅनेजमेंट फॉर्म म्हणतात. त्यातला ‘टोटल फॉर्म्स’ हा आकडा सर्व्हरला सांगतो की किती ओळी वाचायच्या. तुमचं जावास्क्रिप्ट पडद्यावर ओळ वाढवतं पण हा आकडा वाढवत नाही. पान तीन ओळींनी उघडलं, माणसानं सात केल्या, तरी सर्व्हर शून्य, एक आणि दोन क्रमांकाच्या ओळी वाचतो आणि थांबतो. उरलेल्या चार ओळी विनंतीत आलेल्या असतात, पण त्यांच्याकडे कोणी बघत नाही. सर्व्हरच्या दृष्टीनं चूक झालेलीच नाही, म्हणून लाल अक्षर नाही.

नवी ओळ बनवताना शेवटच्या ओळीची नक्कल करू नका, तिच्यातली वजनं आणि आयडीही नकलेत येतात. फॉर्मसेटचा ‘एम्प्टी फॉर्म’ टेम्प्लेट टॅगमध्ये एकदा छापून ठेवा. त्यात क्रमांकाच्या जागी ‘प्रीफिक्स’ हा शब्द दोन्ही बाजूंनी दुहेरी अधोरेषा लावून येतो. नवी ओळ जोडताना त्या जागी टोटल फॉर्म्सचा चालू आकडा घाला आणि मग तो आकडा एकानं वाढवा.

ओळ काढताना याच्या उलट मोह होतो: डॉममधून (ब्राउझरमधल्या पानाच्या रचनेतून) ओळ उडवायची आणि आकडा एकानं कमी करायचा. तसं करू नका. समजा शून्य ते चार अशा पाच ओळी आहेत आणि माणसानं मधली, म्हणजे दोन क्रमांकाची, काढली. आकडा चार झाला. सर्व्हर शून्य ते तीन वाचेल. दोन क्रमांक रिकामा, आणि चार क्रमांकाच्या ओळीतलं खरं वजन बाहेर. एक ओळ काढली आणि दोन गेल्या. म्हणून ‘कॅन डिलीट’ चालू ठेवा, ओळ फक्त लपवा आणि तिच्या डिलीट रकान्यावर खूण करा. आकडा कधीच कमी करायचा नाही. खूण केलेल्या ओळीत अर्धवट माहिती असली तरी जँगो तिच्या चुका धरत नाही, त्यामुळे माणूस अडकत नाही.

फॉर्मसेटची आणखी एक गोष्ट तुम्हाला लवकरच भेटेल. जादाच्या कोऱ्या ओळी जँगो माफ करतो, पण त्या खरोखर अस्पर्श असतील तरच. ओळीत कापसाच्या प्रतीचा (ग्रेडचा) ड्रॉपडाउन असेल, त्यात पहिला कोरा पर्याय नसेल आणि इनिशियलही (सुरुवातीचं मूल्य) दिलेलं नसेल, तर ब्राउझर पहिली प्रत आपोआप पाठवतो. जँगोला वाटतं ओळीला हात लागला, आणि मग तो वजन मागत बसतो. कोरा पर्याय द्या किंवा इनिशियल द्या.

गावाचा ड्रॉपडाउन तर प्रत्येक ओळीत अजिबात ठेवू नका. जळगाव जिल्ह्यातच १५ तालुके, त्यातली सगळी गावं यादीत घेतलीत तर प्रत्येक ओळ तीच क्वेरी (डेटाबेसला विचारणा) पुन्हा चालवते आणि पान फुगत जातं. गाव, शेतकरी, दर हे वरच्या फॉर्ममध्ये, ओळीत फक्त वजन आणि बारदान. गावाच्या नावाला तालुका जोडून दाखवा, एकाच नावाची गावं आणि बुद्रुक-खुर्दचा घोळ आपल्याकडे भरपूर आहे.

दिवसभराची सगळी खरेदी एकाच पानावर घ्यायचा विचार तुम्ही बोलून दाखवलाय. त्याला माझा विरोध आहे. जँगो एका विनंतीत मुळात १००० रकानेच स्वीकारतो. ओळीला चार रकाने धरले तर अडीचशेच्या आत मर्यादा संपते आणि ४०० क्रमांकाची चूक येऊन विनंती फेटाळली जाते. सेटिंग बदलून मर्यादा वाढवता येते, पण एका पानावर जितकं जास्त साठतं तितकं एका धक्क्यात जास्त जातं. एक शेतकरी, एक फॉर्म, एक पावती असं ठेवा.

आता दोनदा पडणारी खरेदी. माणूस जतन दाबतो, विनंती सर्व्हरला पोचते, नोंद होते, पण उत्तर परत येताना रेंज जाते. त्याच्या पडद्यावर चक्र फिरतंय. तो पुन्हा दाबतो, आणि त्याच्या जागी मीही दाबेन. जतन झाल्यावर रीडायरेक्ट करणं गरजेचं आहे, ते तुम्ही केलंय. त्यामुळे पावतीचं पान रिफ्रेश केल्यावर दुसरी नोंद पडत नाही. बटण जावास्क्रिप्टनं बंद करणंही चांगलं. पण उत्तरच पोचलं नाही तर यातलं काहीच उपयोगाचं नाही.

काही जण ‘त्याच शेतकऱ्याची त्याच दिवशी तेवढ्याच वजनाची नोंद असेल तर नाकारा’ असा नियम लावतात. हा नियम घातक आहे. एकाच शेतकऱ्याची दोन गाठोडी सारख्या वजनाची निघू शकतात, सकाळ-संध्याकाळ दोन खेपा होऊ शकतात. तुम्ही खरी खरेदी नाकाराल.

मी असं करतो. कोरा फॉर्म उघडतानाच त्यात लपलेल्या रकान्यात एक यूयूआयडी (दुसऱ्या कोणत्याही फॉर्मशी न जुळणारा क्रमांक) टाकतो. फॉर्म चुकांसह कितीदाही परत आला तरी तोच यूयूआयडी राहतो. खरेदीच्या मॉडेलमध्ये (डेटाबेसमधल्या तक्त्याच्या वर्णनात) तो युनिक, म्हणजे एकदाच येणारा, ठेवतो. व्ह्यूमध्ये पोस्ट आल्याबरोबर, तपासणीच्याही आधी, या व्यापाऱ्याच्या खात्यात त्या यूयूआयडीची खरेदी आहे का ते पाहतो. असेल तर सरळ तिच्या पावतीवर पाठवतो. माणसाला दुसऱ्यांदा दाबल्यावर चूक दिसत नाही, पावती दिसते, आणि त्याला तीच हवी असते. ही पाहणी तपासणीच्या आधी करण्याचं कारण आहे: यूयूआयडी मॉडेलफॉर्मचा (मॉडेलवरून बनवलेल्या फॉर्मचा) रकाना असेल तर जँगो स्वतःच युनिकची तपासणी करतो आणि ‘ही नोंद आधीच आहे’ अशी चूक दाखवतो. माणूस घाबरून नवा फॉर्म उघडतो आणि सगळं पुन्हा भरतो, म्हणजे जे टाळायचं तेच होतं.

दोन विनंत्या अगदी एकाच क्षणी आल्या तर दोन्हींना पाहणीत काही सापडत नाही. तिथं डेटाबेसची युनिक अट दुसरीला अडवते आणि इंटेग्रिटी एरर येतो. तो पकडून पुन्हा शोधा आणि पावतीवर पाठवा. शोधूनही खरेदी सापडली नाही तर चूक दुसऱ्याच कशाची आहे, ती दडपू नका. खरेदी आणि तिच्या ओळी एकाच अ‍ॅटॉमिक ब्लॉकमध्ये (सगळं जतन होईल किंवा काहीच नाही) जतन करा, आणि एरर पकडायचा तो त्या ब्लॉकच्या बाहेर. आतच पकडलात तर व्यवहार आधीच मोडलेला असतो आणि पुढची क्वेरी चालत नाही.

तपासणीबद्दल थोडं. फील्ड आधी मजकुराचं मूल्य बनवते आणि आपले नियम लावते, मग त्या रकान्याची ‘क्लीन’ पद्धत चालते, शेवटी अख्ख्या फॉर्मची. भरलेल्या गाडीचं वजन रिकाम्या गाडीपेक्षा जास्त हवं, यासारखे दोन रकान्यांतले नियम शेवटच्या टप्प्यात लिहा. तिथं क्लीन्ड डेटामधून (तपासणीत पास झालेल्या मूल्यांमधून) मूल्य घेताना ‘गेट’ वापरा. जो रकाना आधीच नापास झाला तो तिथं नसतोच, आणि चौकटी कंसानं मागितलात तर माणसाच्या साध्या चुकीवर तुमचा सर्व्हर ५०० क्रमांकाची चूक देतो.

कोणती अट अडवणारी आणि कोणती फक्त सावध करणारी, हे मात्र परिस्थितीवर आहे. ओलाव्याचं उदाहरण घ्या. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे कपात आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेत नाहीत. ते पाहून तुम्ही १२ ची कमाल मर्यादा घातलीय. पण तुमचा व्यापारी दसऱ्याच्या सुमाराला ओला कापूसही भाव पाडून घेतो. फॉर्म १४ स्वीकारत नसेल तर खरेदीवरचा माणूस काय करेल? १२ लिहील. मग नोंद स्वच्छ दिसेल आणि खोटी असेल. म्हणून अशक्य गोष्ट अडवा, म्हणजे उणे वजन किंवा १०० टक्क्यांवरचा ओलावा. असामान्य गोष्टीला ‘ओलावा १४ आहे, बरोबर ना?’ असं विचारा आणि होकाराची खूण घेऊन पुढे जाऊ द्या. संदेशही माणसाच्या बोलीत असावेत, ‘वैध मूल्य प्रविष्ट करा’ ऐवजी ‘वजन किलोत लिहा, उदा. ४२.५’.

आपल्याकडे मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकडे येतात, त्याचं काय असंही तुम्ही विचारलंय. इथं पायथन मदतीला आहे. ‘४२’ लिहिलं तरी त्याचा पूर्णांक आणि डेसिमल दोन्ही नीट होतात. घोळ होतो तो मोबाइल क्रमांकात, कारण तो मजकूर म्हणून साठतो. रेजेक्समधला (मजकुराचा नमुना तपासणाऱ्या सूत्रातला) अंकांचा संकेत देवनागरी अंकही मान्य करतो, त्यामुळे दहा अंकांची तपासणी पास होते, आणि एकाच शेतकऱ्याचा क्रमांक एकदा इंग्रजी आणि एकदा मराठी अंकांत साठून दोन शेतकरी तयार होतात. क्लीन पद्धतीत सगळे अंक एकाच लिपीत आणा, मोकळ्या जागा काढा, मग तपासा. वजनाच्या रकान्याला नंबर प्रकार देण्यापेक्षा टेक्स्ट ठेवून इनपुट मोड डेसिमल द्या: मोबाइलवर आकड्यांचा कीबोर्ड येतो आणि काय टाईप केलं ते तुमच्यापर्यंत पोचतं.

पैशांचा हिशेब सर्व्हरवरच करा, डेसिमलमध्ये, आणि पूर्णांकात आणण्याची रीत स्पष्ट लिहा. ४३५ किलो कापूस, दर क्विंटलला ७१५० रुपये, रक्कम ३१,१०२ रुपये ५० पैसे. पायथन काही न सांगता हे पूर्ण रुपयांत आणताना जवळच्या सम संख्येकडे जातो आणि ३१,१०२ देतो. जावास्क्रिप्टचं मॅथ राउंड ३१,१०३ देतं. शेतकऱ्यानं पडद्यावर एक रक्कम पाहिली आणि पावतीवर दुसरी आली, तर रुपयाचाच फरक असला तरी विश्वास जातो. ‘राउंड हाफ अप’ (अर्धा आला की वर) ठरवून द्या, आणि पडद्यावरची बेरीज दाखवण्यापुरतीच ठेवा, लपलेल्या रकान्यातून आलेली बेरीज जतन करू नका.

याच न्यायानं मॉडेलफॉर्ममध्ये ‘ऑल’ लिहून सगळे रकाने उघडे टाकू नका. ‘रक्कम दिली’ हा रकाना पानावर छापला नसला तरी कोणीही तो विनंतीत घुसवू शकतो. रकान्यांची यादी हातानं लिहा. व्यापारी कोण हे लॉगिनवरून घ्या. शेतकऱ्याच्या निवडीची क्वेरीसेट (डेटाबेसमधून येणारी यादी) त्या व्यापाऱ्यापुरती मर्यादित ठेवा, तपासणीही त्याच क्वेरीसेटवर होते, त्यामुळे दुसऱ्याच्या शेतकऱ्याचा आयडी आपोआप नाकारला जातो.

जावास्क्रिप्ट मी कुठं वापरेन, तर मसुदा जपायला. रेंज गेली आणि माणूस मागे आला तर ब्राउझर बहुतेक वेळा मूळ रकाने भरून देतो, पण बटणानं वाढवलेल्या ओळी परत येतीलच याची खात्री नसते. शिवाय लॉगिन संपलेलं असेल तर पोस्ट विनंती लॉगिनच्या पानावर वळते आणि तिच्यातला डेटा तिथंच संपतो. म्हणून प्रत्येक बदलानंतर फॉर्म लोकल स्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या मोबाइलवरच्याच साठ्यात), यूयूआयडीच्या नावानं ठेवा आणि पावतीचं पान उघडलं की पुसा. मोबाइल अनेकांच्या हाती जातो, तेव्हा बँकेचा क्रमांक वगैरे मसुद्यात ठेवू नका.

एक गोष्ट व्यापाऱ्याला आधी विचारून घ्या: खरेदी रेंज असलेल्या गावांतच आहे की सातपुड्याच्या आत, धडगाव-अक्कलकुव्याकडेही? दिवसभर रेंजच नसेल तर वरचं सगळं करूनही भागणार नाही, तिथं मोबाइलवर साठवून संध्याकाळी पाठवणारं वेगळं अ‍ॅप लागेल. तरी सर्व्हरवरची तपासणी आणि यूयूआयडीची युक्ती तशीच कामाला येते, म्हणून आज केलेली मेहनत वाया जाणार नाही.

कामाचा क्रम विचाराल तर आज व्ह्यूमधली ती ओळ एल्समध्ये घ्या आणि टोटल फॉर्म्स दुरुस्त करा, कारण रोजची वजनं तिथं गळतायत. मग यूयूआयडी, मग मसुदा. आणि घरच्या वायफायवर तपासू नका. ब्राउझरच्या डेव्हलपर साधनांत नेटवर्क मंद करा, मधली ओळ काढा, एका रकान्यात मुद्दाम चूक करा, जतन दोनदा दाबा, उत्तर येण्याआधी नेट बंद करा. मग डेटाबेस उघडून ओळी मोजा. आकडा जुळला नाही तर तुमचा व्ह्यू आणि जावास्क्रिप्ट दोन्ही पुन्हा टाका, मी बघतो.